सोजरकाकूंचं पेव फलाटावर आलं

आमच्या तांबेगव्हाणात धान्य कोणी वाहून नेत नाही. ज्वारीने भरलेलं पेव जमिनीखालून आपलं आपण चालत स्टेशनावर जातं, रोज एक वीत. गेल्या मंगळवारी सोजरकाकूंचं पेव फलाटाच्या कडेला लागायचं होतं. बावन्न वर्षांपूर्वी भरलेलं, गावातलं शेवटचं चालतं पेव! आठ दिवस आधीपासून सगळं गाव उड्या मारत होतं आणि त्यात सगळ्यांत उंच उडी माझी होती, कारण गावाचा मोजणीदार मी आहे. भानुदास रणखांब, तिसऱ्या पिढीचा.

ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पांढरीच्या कोरड्या मातीत दोन पुरुष खोल खड्डा खणायचा, तोंडाशी अरुंद आणि पोटात फुगीर, घागरीसारखा. आतून शेणामातीने लिंपायचा, कडब्याचा थर द्यायचा, ज्वारी ओतायची, वर दगडी चीप ठेवून मातीने बुजवायचा. इथवर सगळ्या मुलखात सारखंच. पण इतर गावांतली पेवं जागच्या जागी बसून राहिली आणि आमची चालायला लागली. का, ते आम्ही कधी विचारलं नाही. दुसऱ्यांची का चालत नाहीत, हेही विचारलं नाही. उगाच कोणाच्या वर्मावर बोट ठेवायची आमच्या गावाला सवय नाही.

पहिलं पेव चाललं तेव्हा चोरीचा बोभाटा झाला, असं गावच्या जुन्या बाडात आहे. उन्हाळ्यात पाटलाने पेव उघडायला माणसं लावली तर ज्वारी नाही. ज्वारी गेली हे एक वेळ समजण्यासारखं, पण खड्डाही नाही. जागल्याला तीन दिवस चावडीत बसवून ठेवलं. "ज्वारी मी नेली म्हणा, पण भोक कुठं नेऊ?" असं तो सारखं म्हणत होता. चौथ्या दिवशी उगवतीला चाळीस हातांवर एका गाईचा पाय खचला आणि पेव सापडलं. पाटलाने जागल्याला फेटा बांधला. चालत्या वस्तूवर पहारा करायचा नसतो, तिच्या पुढची वाट मोकळी ठेवायची असते, असा ठराव झाला. तेव्हापासून आमच्या गावात हमाल नाहीत. आमच्या म्हाताऱ्यांच्या पाठी येऊन बघा, अजून ताठ आहेत.

पेवं सगळी उगवतीच्या माळाकडे जायची. माळावर तेव्हा काहीच नव्हतं. पेव पोचलं की लोक त्यावर बसून सुपारी कातरायचे आणि घरी यायचे. अशी दोनशे पेवं माळावर जमली तेव्हा कुठे आगगाडीच्या साहेबाचं लक्ष गेलं आणि त्याने तिथं स्टेशन बांधलं. बाहेरचे लोक हे उलट सांगतात, की स्टेशन आधी झालं आणि धान्य मागून आलं. सांगू देत बापडे.

पुढे सरकारने स्टेशनाजवळ पत्र्याचं गोदाम बांधलं. ते जागचं हलत नाही. पहिलं वर्षभर आम्ही रोज सकाळी जाऊन पाहायचो, आज तरी हललं का. मग आम्हालाच वाईट वाटायला लागलं आणि आम्ही जाणं सोडलं. आडवळणाने विचारावं तर तिथला चौकीदार रडकुंडीला यायचा. मग ट्रक आले. तरण्या माणसांनी पोती भरली, सकाळी निघालेला माल दुपारी तालुक्याला पोचायला लागला, आणि नवीन पेव खणायचं कोणाच्या मनात येईना. जुनी एकेक करत स्टेशनावर पोचली, गाडीत चढली, गेली. राहिलं एक.

या एका पेवावर तहसील कचेरीत चार वर्षं फाईल फिरली. पेव ही इमारत धरायची की वाहन? झाकण आहे, म्हणून इमारत. चालतं, म्हणून वाहन. शेवटी त्याला घर नंबर एकशे चौदा दिला आणि वेगाची पाटीही दिली: "कमाल मर्यादा एक वीत." पाटी मी स्वतः रोज पुढे सरकवत होतो. मला कंटाळा कधी आला नाही.

मोजणीदाराचं काम सोपं आहे, पण त्यात चुकून चालत नाही. दिवस कासराभर वर आला की पेव एकदाच पाऊल टाकतं. त्याच्या आधी मोजणीदाराने पेवाच्या पुढच्या काठावर उजव्या हाताचा अंगठा टेकवायचा आणि हात ताणून करंगळी पुढे टेकवायची. जिथं करंगळी, तिथवर पेव. आसपासच्या घरांतली भांडी खणखणली की पाऊल पडलं. मग खुंटी पुढे ठोकायची आणि न्याहारीला जायचं. वीत म्हणजे बारा बोटं. माझी वीत बरोब्बर बारा बोटं भरते, म्हणून तर मी मोजणीदार. डावा हात चालत नाही. माझ्या आजोबांनी उजवा भाजला म्हणून तीन आठवडे डावा टेकवला, तर नऊ पेवं तीन आठवडे मागे चालली आणि देशमुखांच्या माजघराखाली परत आली. देशमुखांनी नुकताच निरोपाचा नारळ फोडला होता. पोळ्याला मात्र पेवाला सुट्टी असते, कारण त्या दिवशी बैलही काही ओढत नाहीत.

आता सोजरकाकूंबद्दल. सोजरबाई घोलप, वय चौऱ्याहत्तर. बावन्न वर्षांपूर्वीच्या दुष्काळात त्यांच्या धाकट्या बहिणीचा, चांगुणाबाईंचा, खडकसांगवीहून निरोप आला की घरात दाणा नाही. काकूंनी त्याच दिवशी पेव भरलं, चीप ठेवली आणि उलट निरोप धाडला, "ज्वारी पाठवलीय." खोटं काही नव्हतं, ज्वारी निघालीच होती. दुष्काळ पुढच्या वर्षी सरला. ज्वारी आपल्या वाटेने येत राहिली. पण त्यानंतर दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या नाहीत. भांडण नव्हतं हो. "पाठवलीय म्हणून सांगितलं, आन् आता हात हालवत तिच्या दारात जाऊ का?" असं काकू म्हणायच्या. आणि चांगुणाबाई म्हणायच्या, अक्काने ज्वारी पाठवलीय, मग मीच कशाला धावत जाऊ, तिला वाटेल मागायला आली. बारशी झाली, लग्नं झाली, दोघींचे नवरे गेले. दर संक्रांतीला खडकसांगवीहून एक कार्ड यायचं: "अक्का, पेव कुठवर आलं?" मी सांगेन ते काकू कळवायच्या. "शाळेखाली आहे." "पोलीस चौकीखाली शिरलं, नोंद झाली." "चौकीतून सुटलं, सगळे खुशाल."

एकदा पेवाच्या वाटेवर कोणी बोअर घ्यायला गाडी आणली होती. काकू त्या जागेवर जाऊन आडव्या झाल्या. "आधी माझ्यातून पाडा भोक," म्हणाल्या, "मग खाली पाडा." गाडीवाला परगावचा होता. तो दुसरीकडे पाणी बघतो म्हणून गेला तो परत आला नाही.

पेव डब्यात कसं चढतं, हे परगावचे हटकून विचारतात. पेव फक्त मातीतून चालतं. म्हणून घेणारं माणूस आपल्या गावची हातभर माती पसरलेला उघडा डबा घेऊन येतं, स्वतः त्या मातीत बसून, जसा मुराळी माहेरवाशिणीला न्यायला येतो तसं. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत मातीचा भराव करायचा. पेवाने पाऊल टाकलं आणि काठ डब्यातल्या मातीला लागला की पेव चढलं. मग ते दोन पुरुष खोल असताना डब्यात मावतं कसं? पेवाची खोली पेवाकडे असते आणि डब्याची डब्याकडे. दोन्हींचा परस्परांशी संबंध नाही, असं जुन्या साहेबाचं पत्रच आमच्या स्टेशनात चौकटीत लावलेलं आहे. मात्र पाऊल पडताना गाडी उभी हवी. थांबा मिळावा म्हणून आम्ही अकरा वर्षांपूर्वी अर्ज केला होता. मंजुरी आली: मंगळवार, सकाळी सात अठ्ठावन्न ते आठ वीस. बावीस मिनिटं! मी ते पत्र घरी नेऊन बायकोला तीनदा वाचून दाखवलं.

आणि मग, बुधवारी, मीच माती खाल्ली.

स्वागताची कमान उभी करत होतो. लोखंडी पाईप धरायला कोणीतरी दुसरं हवं होतं, पण मला दम कुठला! पाईप निसटला आणि उजव्या हाताच्या करंगळीवर आला. बोट सुजून वांग्याएवढं झालं आणि सरळ होईना. गुरुवारी सकाळी वीत टेकवली तर दहा बोटं भरली. पेव दहा बोटंच चाललं. शुक्रवारीही दहा. मी हातावर फडकं गुंडाळलं, खुंटी ठोकली आणि गप्प बसलो. बायको म्हणाली, "सांगून टाका, दुसऱ्या कोणाचा तरी हात लावतील." पण तीन पिढ्यांनी हजारो पावलं मोजली, आणि शेवटच्या पावलाला वहीत दुसऱ्याचं नाव? मला वाटलं, बोट उद्या बरं होईल, परवा होईल. बोट काही माझ्या ऐकण्यातलं नव्हतं.

सोमवारी पाऊल पडल्यावर मी डब्याच्या जागेपर्यंतचं अंतर मोजलं. बारा बोटं असायला हवं होतं. बावीस होतं. मी पुन्हा मोजलं. बावीस. मग मी तिथंच फलाटावर बसलो आणि खरं सांगतो, मला ब्रह्मांड आठवलं.

काकूंच्या घरी गेलो तेव्हा त्या नवीन हिरव्या बांगड्या भरून ओसरीवर बसल्या होत्या. चेहरा नुसता फुललेला.

"काकू, पेव दहा बोटं मागं आहे."

"मागं? का बरं? काय झालं त्याला?"

"त्याला काही नाही झालं. मला झालंय." मी फडकं सोडलं.

काकूंनी बोट हातात धरून पाहिलं. "कवा लागलं?"

"बुधवारी."

"आन् आज सोमवार हाय."

"हो."

"पाच दिस तू लंगडा हात लावायलास, आन् कुणाला बोलला न्हाईस."

"शेवटचं पाऊल माझ्या हाताचं असावं असं वाटत होतं, काकू."

काकूंनी माझा हात हळूच खाली ठेवला. "तुला तुझं नाव पायजे हुतं," त्या म्हणाल्या, "मला माझी बहीण पायजे हुती." एवढंच बोलल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तासाभरात सगळं गाव स्टेशनावर. कोणी मला बोलायचं बाकी ठेवलं नाही, आणि ते योग्यच होतं. स्टेशन मास्तर पोपळघट साहेब शिस्तीचे. त्यांनी टेबल बाहेर काढलं आणि रीतसर सभा सुरू केली. सरपंच शेषाबाई म्हणाल्या, "रूळच दहा बोटं इकडं घ्या की."

"रूळ हा केंद्राचा विषय आहे," पोपळघट साहेब म्हणाले.

"मग गाडी एक दिवस थांबवा."

"अकरा वर्षं लागतील. अर्ज द्या, मी पोच देतो."

मग मोठा हात शोधायचं ठरलं. नियमाप्रमाणे मोजणीदार याच गावात जन्मलेला हवा आणि हात उजवा हवा, एवढ्या दोनच अटी. फलाटावर चुन्याने रेघ मारली आणि गाव ओळीने हात टेकवायला लागलं. काय गर्दी! न्हाव्याने दुकान बंद केलं, शाळेचे मास्तर आले, पंचाऐंशी वर्षांच्या कोंडाजींना खाटेवरून आणलं, कारण त्यांचा हात तरुणपणी मोठा होता असं सगळे सांगत होते. तो आता अकरा बोटं भरला. भाकऱ्या थापून थापून बायकांचे हात चांगले रुंद, कित्येकींचे तेरा भरले. तालमीतल्या विठोबा पैलवानाने दात ओठ खाऊन हात ताणला. चौदा! लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की बावीस हवेत. दिवे लागायच्या सुमाराला माणसं घरी गेली. काकू शेवटपर्यंत ओळीच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांचा हात कोणी मोजला नाही, त्यांनीही पुढे केला नाही.

"काकू, उद्या येऊ नका," मी म्हणालो, "बघवणार नाही तुम्हाला."

"येडा का खुळा तू?" काकू म्हणाल्या. "ती यायलीय. पेव चढू न्हाईतर न चढू, तिला पाणी कोण देणार?"

मंगळवारी सकाळी सहापासून फलाट भरला. रडायचं म्हणून आलेली माणसं, पण नवे कपडे घालून आलेली. ताशेवाल्यांना कोणीतरी नको म्हणून सांगायला विसरलं होतं, ते आले ते वाजवतच आले, आणि एकदा ताशा सुरू झाल्यावर आमच्या गावाला दुःख करता येत नाही. सात छप्पन्नला लांबून शिट्टी ऐकू आली आणि मी, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो मी, सगळ्यांत पुढे धावलो.

गाडी बरोबर खुणेवर उभी राहिली. उघड्या डब्याचं दार खाली पडलं. आत काळीभोर माती पसरलेली आणि मातीवर मांडी घालून एक म्हातारी बसलेली, डोईवर पदर, हातात पितळी तांब्या. माणसांनी झटपट फटीत भराव घातला, धुमसला. त्या भरावावर पेवाच्या आधी कोणी पाय द्यायचा नसतो. म्हणून काकू अलीकडे उभ्या राहिल्या आणि चांगुणाबाई पलीकडे. मध्ये बावीस बोटं.

ताशेवाल्यांनाही कळलं, ते थांबले.

"अक्का," चांगुणाबाई म्हणाल्या, "किती वाळलीस गं."

"आन् तू किती सुटलीस!" काकू म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या आणि रडायला लागल्या, एकदमच.

मी पुढे झालो आणि चांगुणाबाईंना सगळं सांगितलं, बुधवारपासून, काही न लपवता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हात कुणाचा लागतो?" त्यांनी विचारलं.

"या गावात जन्मलेल्याचा. उजवा."

"मी काय खडकसांगवीत जन्मले का? ह्याच गावात जन्मले, घोडक्यांच्या वाड्यामागं."

"पण तुमची एक वीत बाराच बोटं भरणार, मावशी."

आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. सूर्य स्टेशनाच्या लिंबाच्या शेंड्याला लागत होता, म्हणजे पाऊल पडायची वेळ भरत आली होती. तेवढ्यात काकू खाली बसल्या. त्यांनी पेवाच्या काठावर उजव्या हाताचा अंगठा टेकवला आणि तळवा पुढे टाकला. "चांगू," त्या म्हणाल्या, "हात दे."

चांगुणाबाईंनी तांब्या बाजूला ठेवला, त्या डब्यात पालथ्या झाल्या आणि उजवा हात भरावावरून अक्काकडे सरकवला. अक्काची बोटं त्यांच्या बोटांत गेली. एका टोकाला काकूंचा अंगठा, दुसऱ्या टोकाला डब्याकडे मागे ताणलेली चांगुणाबाईंची करंगळी.

"थांबा!" पोपळघट साहेब नियमांची वही घेऊन धावत आले. "हे रीतीला धरून आहे का बघू द्या." त्यांनी चष्मा लावला. "'अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत.' अंगठा आहे. करंगळी आहे. दोन्ही उजव्या हाताचे." त्यांनी पान उलटलं. "एकाच माणसाचे असावेत असं कुठं लिहिलेलं नाही. पण 'हात' हा शब्द एकवचनी आहे. हा एक हात आहे की दोन?"

सगळ्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजून नऊ मिनिटं.

"तुम्ही दोघी सख्ख्या?" साहेबांनी विचारलं.

"सख्ख्या," काकू जमिनीकडे बघतच म्हणाल्या.

"एकाच आईच्या?"

"एकाच आईच्या, एकाच ताटात जेवलेल्या. आन् आता लवकर बोला, कंबर गेली माझी."

पोपळघट साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. "मग एकच धरायला कार्यालयाची हरकत नाही," ते म्हणाले. "मोजणीदार, मोजा!"

मी गुडघ्यावर बसलो. डाव्या हाताची बोटं लावत मोजत गेलो, कारण बोटं मोजायला डावा चालतो, पाऊल मोजायला चालत नाही. पंधरा, सोळा, सतरा. फलाट माझ्याबरोबर ओरडायला लागला. एकोणीस! वीस! एकवीस! आणि तिथं करंगळी संपली. पुढे एक बोट भराव आणि मग डब्यातली काळी माती.

"अजून एक बोट, मावशी!"

"बोटं सोड गं अक्का थोडी!"

"सोडली तर हात एक राहणार नाही," पोपळघट साहेब म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

"सोडत न्हाई मी," काकू म्हणाल्या. "तू ताण. लहानपणी चिंचेला कसा हात पुरवायचीस, तसा ताण!"

चांगुणाबाईंनी डोळे मिटले. खांद्यापासून सगळं अंग एका करंगळीत आलं. काकूंच्या दोन हिरव्या बांगड्या फुटल्या. विठोबा पैलवान उगाचच स्वतःचा हात ताणत उभा होता. करंगळी सरकली, अर्धं बोट, मग उरलेलं अर्धं, आणि काळ्या मातीला टेकली.

"बावीस!" मी ओरडलो. आवाज फाटला माझा.

त्याच क्षणाला चहाच्या टपरीवरचे सगळे कप खणखणले. भरावाची माती एकदा फुगली आणि बसली, डबा आपल्या चाकांवर किंचित दबला, आणि काळ्या मातीतून दगडी चिपेची कड दिसली. पेव चढलं! ताशे असे सुटले की इंजिनाच्या ड्रायव्हरला वाटलं आपलीच शिट्टी वाजली. शेषाबाई नाचल्या, कोंडाजी खाटेवर उभे राहिले. मी कोणाच्या तरी गळ्यात पडून रडलो, नंतर कळलं ते पोपळघट साहेब होते. मोजणीच्या वहीत शेवटच्या पावलापुढे मी दोन नावं लिहिली, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. खुंटी मी चांगुणाबाईंच्या स्वाधीन केली.

आठ पंधरा झाले. आता भरावावरून जायला हरकत नव्हती. तरी काकू अलीकडेच उभ्या होत्या, चांगुणाबाईंचा हात हातात.

"तिकडं टेशनापासून तुझं घर किती लांब हाय?" काकूंनी विचारलं.

"अडीच किलोमीटर आसंल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मनातल्या मनात मोजलं, पोळ्याच्या सुट्ट्या धरून. "रोज एक वीत म्हणजे तीस वर्षं आणि पाच-सहा महिने."

"एकीच्या हातानं," चांगुणाबाई म्हणाल्या. "आन् असं दोघींच्या?"

मी पुन्हा मोजलं. "साडेसोळा वर्षं."

"साडेसोळा!" चांगुणाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी अक्काचा हात जोरात ओढला. "म्हंजे आलंच की गं दारात! चढ लवकर, चूल सारवायची हाय."

काकूंनी पदर खोचला आणि डब्यात चढल्या.